क्लाइंबर ट्री स्टँड कसा निवडावा: आधी झाड बघा, मग स्वतःला, मग दुकान

पेन्सिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल सीझन उघडतो. त्याच्या महिनाभर आधी इथल्या मराठी मित्रमंडळींत दर वर्षी कुणीतरी नवा विचारतो, "क्लाइंबर घ्यायचाय, कुठला घेऊ?" क्लाइंबर म्हणजे खोडावर आपल्याबरोबर सरकवत वर न्यायचा, वर बसून शिकार करायचा सुटा मचाण. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. तो अमेरिकेत, त्यातही पूर्वेकडच्या जंगलांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइटटेलची, कायदेशीर शिकार करणाऱ्यांसाठी लिहिला आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, त्यामुळे गावाकडच्या कुणी हे वाचून झाडावर चढायला जाऊ नये.

इथंही आधी कागद, मग झाड. राज्याचा हंटर एज्युकेशनचा कोर्स करा आणि लायसन्स काढा. एच-1बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. अशा व्यक्तीला फेडरल कायद्यानं बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स जवळ असणं. ऐकीव माहितीवर जाऊ नका, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच पुढं जा.

क्लाइंबर धरतो कसा

हे कळलं की पुढची निम्मी निवड आपोआप होते. क्लाइंबरचे दोन सुटे भाग असतात. खालचा पाय ठेवायचा प्लॅटफॉर्म, वरचा बसायचा किंवा हात टेकायचा. दोन्ही भागांना एकेक केबल, साखळी किंवा पट्टा असतो आणि तो खोडाला मागून वळसा घालून येतो. प्लॅटफॉर्मवर वजन पडलं की त्याची बाहेरची कड खाली दबते. मग पुढचा दातेरी कंस खोडाच्या आपल्या बाजूला रुततो आणि पलीकडची केबल त्याच्यापेक्षा थोडी वर सालीत आवळली जाते. वजन जितकं जास्त, पकड तितकी घट्ट. पायांनी बाहेरची कड उचलली की केबल सैल पडते आणि तो भाग वर सरकवता येतो.

म्हणजे ही पकड फक्त दोन गोष्टींवर उभी आहे, तुमचं वजन आणि झाडाची साल. खिळा नाही, स्क्रू नाही. सार्वजनिक जमिनीवर क्लाइंबर चालतो तो याचमुळे, कारण तिथं झाडाला इजा करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. आणि साल दगा देणारी असेल तर पाचशे डॉलरचा स्टँडही घसरतो, तोही याचमुळे.

पहिली पायरी: तुमच्या जंगलातली झाडं मोजा

दुकानात जायच्या आधी ऑक्टोबरात एक सकाळ काढा आणि जिथं बसणार तिथं फिरून या. हरणांच्या वाटा, बुंध्याला शिंगं घासल्याच्या खुणा, ओकच्या फळांचा सडा या गोष्टी बघालच. पण मान वर करून झाडंही बघा. क्लाइंबरला विजेच्या खांबासारखं सरळ खोड लागतं आणि पंधरा-वीस फुटांपर्यंत फांदी नको.

घेर मोजायला शिवणकामाची टेप किंवा साधी दोरी पुरते. बहुतेक क्लाइंबर सुमारे 8 ते 20 इंच व्यासाच्या झाडांसाठी बनवलेले असतात, म्हणजे छातीच्या उंचीला साधारण 25 ते 63 इंच घेर. तुमच्या स्टँडचा नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो आणि तोच खरा. टोकाच्या आकड्यांजवळची झाडं सोडून द्यावीत असं माझं मत आहे. खूप बारीक झाड वाऱ्यात डुलतं आणि त्याच्या आडोशाला माणूस लपत नाही. खूप जाड झाडावर केबल पुरवताना कोन बिघडतो.

आता झाडाची जात. ट्युलिप पॉप्लर हे क्लाइंबरवाल्यांचं लाडकं झाड आहे. सरळसोट असतं, फांद्या उंचावर, साल खडबडीत. रेड ओकही चांगला. दक्षिणेत, जॉर्जिया-कॅरोलायनाकडं, लॉबलॉली पाइन आणि स्वीटगम भरपूर मिळतात. पाइनचा डिंक मात्र केबलला, हातमोज्यांना, पँटला सगळीकडं चिकटतो, त्याची तयारी ठेवा. व्हाइट पाइन आणि हेमलॉकला खालपासून फांद्या असतात, त्यांचा उपयोग नाही.

शॅगबार्क हिकरी ओळखायला सोपी आहे. तिच्या सालीच्या लांब पट्ट्या खोडापासून सुटून बाहेर वळलेल्या असतात. तिच्यावर चढायचं नाही, दात त्या सुट्या पट्टीत रुततात आणि पट्टीच निघून येते. जुन्या ब्लॅक चेरीची खवल्याखवल्यांची सालही भरवशाची नाही. बीचची साल गुळगुळीत असते. कोरड्या दिवशी एखादा चढेलही, पण दव गोठलेल्या पहाटे तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि अ‍ॅश. 2002 मध्ये मिशिगनात डेट्रॉइटच्या आसपास एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चमकदार भुंगा सापडला. तेव्हापासून त्यानं पूर्वेकडची अ‍ॅशची झाडं अक्षरशः कोट्यवधींनी मारली. मेलेलं अ‍ॅश उभंच राहतं आणि दिसायला क्लाइंबरसाठी अगदी नामी असतं, सरळ आणि बिनफांद्यांचं. आतून मात्र ते ठिसूळ झालेलं असतं. वरून साल सोलल्यासारखी फिकट दिसली, सालीत इंग्रजी डी आकाराची बारीक भोकं दिसली, तर त्या झाडाखालीसुद्धा बसू नका. मेलेलं झाड कुठल्याही जातीचं असो, नियम तोच.

या फेरीत जागेच्या आसपास दहा-बारा योग्य झाडं सापडली नाहीत, सगळी वाकडी किंवा फांद्यांची निघाली, तर क्लाइंबर घेऊच नका. शिडीचा स्टँड, झाडाला बांधायचा हँग-ऑन किंवा सॅडल (दोरीनं झाडाला टांगायची झोळीसारखी सीट) हे तुमचे पर्याय आहेत. ही गोष्ट पैसे खर्च व्हायच्या आधी कळलेली बरी.

दुसरी पायरी: स्वतःचं वजन, कपड्यांसकट

प्रत्येक स्टँडवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेकांवर 300 किंवा 350 पौंड, म्हणजे साधारण 136 किंवा 159 किलो. ही मर्यादा फक्त तुमच्या शरीराची नव्हे. थंडीचे बूट, जाड जॅकेट, बॅग, पाणी, रायफल किंवा धनुष्य, हार्नेस (पडताना झेलणारे अंगावरचे पट्टे) सगळं धरून बेरीज करा. सगळा जामानिमा घालून एकदा बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभे राहा, आकडा बघून चकित व्हाल. बेरीज मर्यादेच्या चाळीस-पन्नास पौंड खाली राहिली पाहिजे. हार्नेसला वेगळी मर्यादा असते, तीही बघा. दोन्हींतली जी कमी, ती तुमची.

तिसरी पायरी: बसून चढायचं की हातांनी

क्लाइंबरच्या दोन जाती आहेत. नवा माणूस इथंच चुकीची खरेदी करतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली, बसून चढायची. झाडाकडं तोंड करून वरच्या भागावर टेकायचं, पाय रिकिबीसारख्या पट्ट्यांत अडकवलेले असतात, गुडघे वर घेऊन खालचा प्लॅटफॉर्म ओढून घ्यायचा, टाच दाबून तो रुतवायचा, उभं राहायचं, मग वरचा भाग छातीपर्यंत सरकवायचा. पुन्हा टेकायचं. यात मोठे स्नायू काम करतात, दमछाक कमी होते. सीट सहसा जाळीची, लोंबती आणि आरामशीर असते. चार-पाच तास बसणाऱ्याला हीच जात मानवते.

दुसरी, हातांनी चढायची, हँड क्लाइंबर. तिचा वरचा भाग छोटा असतो. त्यावर हात आणि कोपर टेकून अंगाचा भार पेलायचा आणि पायांनी प्लॅटफॉर्म ओढायचा. वजनाला हलकी, पाठीवर चपटी बसते, वर समोर दांडी नसल्यानं धनुष्य फिरवायला मोकळी जागा मिळते. पण खांदे आणि दंड मजबूत लागतात. वीस फूट चढून जाताना बारा-पंधरा वेळा अर्धवट पुल-अपसारखा जोर लावावा लागतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांना मी पहिलीच जात सुचवतो. खांदा दुखावलेला असेल तर हा प्रश्नच मिटला.

हत्यारावरूनही थोडा फरक पडतो. रायफलवाल्याला समोर आडवी दांडी असलेला स्टँड बरा, नळी टेकवायला आधार होतो. धनुष्यवाल्याला समोरून उघडा हवा, नाहीतर ओढताना धनुष्याचं खालचं टोक दांडीला अडतं. क्रॉसबोवाल्यानं, म्हणजे आडव्या धनुष्यवाल्यानं, धनुष्याच्या दोन्ही बाजूच्या टोकांना जागा पुरते का ते बसून बघावं.

चौथी पायरी: दुकानात हात लावून बघायच्या गोष्टी

ऑनलाइन स्वस्त मिळतो हे खरं, तरी पहिला स्टँड डोळ्यांसमोर बघून घ्या. किंमत साधारण 200 ते 500 डॉलरच्या घरात असते.

वजन आधी. बाजारात सुमारे 15 पौंडांपासून 30 पौंडांपर्यंतचे स्टँड आहेत. पोलादाचे स्वस्त आणि जड, अ‍ॅल्युमिनियमचे हलके आणि महाग. गाडी लावून शे-दोनशे पावलांवर बसणार असाल तर जड स्टँडनं बिघडत नाही. डोंगर चढून मैलभर आत जायचं असेल तर पाच पौंडांचा फरक पहाटे पाचला चांगलाच जाणवतो. दुकानदाराला विचारून स्टँड घडी करून पाठीला लावा आणि चालून बघा. स्टँडबरोबर येणारे पाठीचे पट्टे अनेकदा पातळ आणि निकृष्ट असतात. तसे असतील तर रुंद पट्टे वेगळे घ्यायचे पैसे हिशोबात धरा.

मग प्लॅटफॉर्म. तुमच्या थंडीच्या बुटांनी त्यावर उभे राहा. साध्या बुटांत प्रशस्त वाटणारा प्लॅटफॉर्म जाड बुटांत अपुरा पडतो. दोन्ही पाय फिरवून डावी-उजवीकडं वळता आलं पाहिजे. पायाचे पट्टे त्या बुटांवर नीट बसतात ना, टाचेमागचा पट्टा निसटत नाही ना, हेही तिथंच तपासा. चढताना प्लॅटफॉर्म याच पट्ट्यांनी उचलायचा असतो.

केबल लावण्या-काढण्याची रीत हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि कॅटलॉगमध्ये तो नेमका दिसत नाही. हातमोजे घाला, डोळे मिटा आणि केबल सोडून पुन्हा लावा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी हेच करायचं आहे. छोट्या पिना आणि नट असलेला स्टँड परत ठेवा, त्या पानांत पडल्या की सापडत नाहीत. एका हातानं अडकणारी आणि नीट बसल्याचं बोटांना कळणारी कुलूपरचना हवी. प्लास्टिकचं आवरण असलेली केबल शांत असते. उघडी साखळी खुळखुळते.

शेवटी आवाज. घडी केलेला स्टँड हलवा. धातूवर धातू आपटतो का? थोडाफार आवाज प्रत्येकाचा होतो आणि जाड कापडी टेप लावून तो बराच मारता येतो. सांधेच ढिले असतील तर मात्र टेप काही करू शकत नाही.

टीएमए, म्हणजे ट्रीस्टँड मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, या संघटनेच्या चाचण्यांचा शिक्का खोक्यावर बघा. शिक्का नसलेला, कुठल्या कंपनीचा ते धड न लिहिलेला स्टँड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

जुना घ्यायचा असेल तर नियम कडक ठेवा. वेल्डिंगच्या जागी केसासारखी भेग, केबलच्या आवरणाला चीर आणि आत गंज, पट्ट्यांना उन्हानं आलेला पांढरट कडकपणा, यातलं एक जरी दिसलं तरी नको म्हणा. बाहेर राहिलेले पट्टे खारी कुरतडतात, तेही बघा. मॉडेलचं नाव कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत शोधा, ट्री स्टँड त्या यादीत वेळोवेळी आलेले आहेत. आणि घरी बनवलेला स्टँड कुणी प्रेमानं दिला तरी घेऊ नका.

पाचवी पायरी: हार्नेस

स्टँडवर चारशे डॉलर आणि हार्नेसवर शून्य, हा हिशोब मला दर वर्षी दिसतो आणि दर वर्षी वाईट वाटतं. नव्या स्टँडबरोबर खोक्यात हार्नेस येतो. तो चालतो, पण घालायला किचकट असतो, पट्ट्यांचा नुसता गुंता. किचकट वस्तू माणूस अंधारात घालायचा कंटाळा करतो. म्हणून जाकिटासारखा अंगात घालता येईल असा, पाय आणि छातीचे पट्टे असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस वेगळा घ्या. नुसता कमरेचा किंवा छातीचा पट्टा वापरू नका. पडल्यावर तो पोटात किंवा बरगड्यांत आवळतो आणि श्वास कोंडतो.

हार्नेसची पाठीमागची दोरी झाडाभोवतीच्या पट्ट्याला अडकते. पट्टा डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर ठेवायचा. बसल्यावर त्या दोरीत झोळ राहता कामा नये. झोळ जितका, तितकं खाली पडणं, आणि मग लोंबकळत पुन्हा प्लॅटफॉर्म गाठणं अवघड. पडण्याचे प्रकार बरेचसे चढता-उतरताना होतात. म्हणून जमिनीवर पाय असतानाच पट्टा झाडाला लावायचा, चढताना स्टँडबरोबर तोही वर सरकवत न्यायचा आणि परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत सोडायचा नाही.

हार्नेसमध्ये नुसतं लोंबकळणंही धोक्याचं असतं. पायांच्या पट्ट्यांनी रक्त खालीच अडतं आणि काही मिनिटांत भोवळ येऊ शकते. त्यासाठी सस्पेन्शन रिलीफ स्ट्रॅप नावाची फास असलेली पट्टी मिळते. तिच्यात पाय घालून उभं राहिलं की मांड्यांवरचा ताण सुटतो. ती खिशात हात जाईल अशा जागी असू द्या, बॅगच्या तळाशी नको. हार्नेसवर छापलेली तारीख बघा, बहुतेक कंपन्या साधारण पाच वर्षांनी तो बदलायला सांगतात. एकदा पडताना झेललेला हार्नेस लगेच टाकून द्यायचा. आणि वापरलेला हार्नेस कुणाकडून घ्यायचा नाही.

सहावी पायरी: घरामागच्या झाडावर सराव

स्टँड घरी आला की तडक जंगलात जाऊ नका. मागच्या अंगणात किंवा मित्राच्या जागेवर एखादं सरळ झाड बघा, बरोबर माणूस ठेवा आणि पहिले काही दिवस जमिनीपासून फक्त दोन-तीन फूट वर जा. तिथंच चढा, वळा, बसा, उभे राहा, उतरा. हार्नेसमध्ये लोंबकळून परत प्लॅटफॉर्मवर यायचं तंत्रही याच उंचीवर, माणूस शेजारी असताना शिकून घ्या.

सुरुवातीचा कोन लक्षात ठेवा. खाली प्लॅटफॉर्मची बाहेरची कड मुद्दाम वर उचललेली ठेवायची. झाड वर निमुळतं होत जातं, केबलचा वळसा मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे चढत जाल तसा प्लॅटफॉर्म बाहेरच्या बाजूला झुकत जातो. खाली सपाट लावलात तर वर जाऊन घसरगुंडीवर बसल्यासारखं होईल. किती वर उचलायचा ते त्या झाडाच्या निमुळतेपणावर ठरतं. दोन-तीन झाडं चढून झाल्यावर हाताला अंदाज येतो.

वरचा आणि खालचा भाग जोडणारी दोरी बरोबर आलेली असते, ती प्रत्येक वेळी बांधाच. पायातून प्लॅटफॉर्म निसटला आणि दोरी नसली तर तो खाली जमिनीवर, आणि तुम्ही पंधरा फुटांवर वरच्या भागाला धरून अडकलेले. दोरी असेल तर ओढून परत पायात घेता येतो.

रायफल किंवा धनुष्य हातात किंवा खांद्यावर घेऊन चढायचं नाही. रायफल रिकामी, चेंबर (गोळीचा कप्पा) उघडं, नळी खाली करून दोरीला बांधून जमिनीवर ठेवायची. वर जाऊन बसलात, पट्टा नीट केला, की दोरीनं ओढून घ्यायची आणि मगच भरायची. उतरताना उलट क्रम, आधी रिकामी करून खाली सोडायची.

उंचीचा हव्यास नको. पंधरा ते वीस फूट पुष्कळ झाले. त्याहून वर गेलात तर खाली बघण्याचा कोन इतका उभा होतो की हरणाच्या काळजा-फुप्फुसाची जागा वरून अरुंद दिसते, आणि जनावर जखमी होऊन निसटण्याची शक्यता वाढते. तुमच्या मागं फांद्या-पानांचा पडदा असेल तर बारा फूटही पुरतात. गोठलेल्या पावसात, बर्फ चिकटलेल्या खोडावर किंवा सोसाट्याच्या वाऱ्यात चढू नका.

थंडीतली एक युक्ती जुने शिकारी सांगतात आणि ती खरी आहे. जाड जॅकेट घालून चढू नका. पातळ कपड्यात सावकाश चढा, जॅकेट बॅगमध्ये ठेवा आणि वर बसून अंगातली वाफ निघाली की घाला. जॅकेटच्या आत घाम आला तर तासाभरात हुडहुडी भरते, आणि थरथरत्या हातांनी उतरणं धोक्याचं असतं. वर घातलेलं जॅकेट हार्नेसच्या दोरीवर ओढलं जाणार नाही, याची काळजी मात्र घ्या.

सार्वजनिक जमिनीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. पेन्सिल्व्हेनियाच्या स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनींवर, झाडाला इजा होईल असा स्टँड चालत नाही, आणि जागेवर ठेवलेल्या स्टँडवर मालकाची ओळखपट्टी लागते. स्क्रूच्या पायऱ्या तर अनेक राज्यांत बंदच आहेत. रायफल सीझनमध्ये इथं डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी रंग अंगावर असावा लागतो. तुमच्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका दर सप्टेंबरात पुन्हा वाचा, नियम बदलतात.

निघण्याआधी घरी एक चिठ्ठी किंवा मेसेज ठेवा: गाडी कुठं लावली, कुठल्या बाजूला गेलो, नकाशावरचा बिंदू, किती वाजता खाली उतरणार. फोन बॅगमध्ये नको, अंगावरच्या अशा खिशात ठेवा की लोंबकळतानाही हात पोचेल. शिट्टी गळ्यात अडकवा. अनेक दऱ्यांत फोनला रेंज नसते.

सीझन संपला की स्टँड झाडाला ठेवू नका. घरी आणून पाइनचा डिंक पुसा, केबलवरून बोट फिरवून कुठं आवरण फाटलंय का बघा, नट-बोल्ट घट्ट करा आणि कोरड्या गॅरेजमध्ये उन्हापासून दूर टांगा. हार्नेस वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा, गॅरेजमधल्या पेट्रोल आणि रसायनांपासून लांब, आणि पिशवीवर मार्करनं त्याची बदलायची तारीख लिहा.